मालनच्या मापाचं स्टेशन

भूपालचा फोन आला तेव्हा मी एका जर्मन माणसाचे पाय कानशीनं घासत बसलो होतो.

माणूस म्हणजे प्लास्टिकचा, करंगळीच्या पेराएवढा. अंगात निळा कोट, डोक्यावर टोपी, हातात शिट्टी. जर्मनीतल्या कुठल्या तरी फलाटावर उभं राहायला तो जन्माला आलेला, आणि मी त्याला करंजवाडीचा स्टेशन मास्तर करायला निघालो होतो. पण पठ्ठ्याला ऑफिसच्या दारात उभा केला की त्याची टोपी चौकटीला टेकायची. म्हणून पाय घासणं चाललं होतं. बुटांचे तळवे गेले, घोटे गेले, आता पोटऱ्यांना हात घातला होता.

"दाजी, मी भूपाल."

मी कानस खाली ठेवली. दीड वर्षानं तो आवाज ऐकत होतो.

"बोल की."

"रविवारी पुण्याला येतोय. कारखान्यातल्या एकाच्या पोरीचं लग्न हाय. दुपारचं तासभर येऊन जाऊ का?"

"विचारतोस काय? जेवायलाच ये."

"जेवण लग्नात हुईल. नुसता येऊन जातो." जरा थांबला. "सन्मती म्हणत होती, तुम्ही आमचं स्टेशन केलंय म्हणून."

"करतोय. होत आलंय."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. माझ्यासमोर तो पाय घासलेला जर्मन आडवा पडला होता. साठी उलटलेला माणूस मी, पण निकालाच्या आदल्या दिवशी पोरं बसतात तसा बसून राहिलो.

भूपाल चौगुले म्हणजे माझा मेहुणा, मालनचा पाठचा भाऊ. आणि मालन माझी बायको. ती गेली त्या ऑगस्टात सांगली-मिरजेकडं मोठा पूर आला होता. इथं पुण्यात दवाखान्यात सकाळी तिनं डोळे मिटले, आणि तिकडून भूपाल माहेरची साडी घेऊन निघाला. आमच्याकडं सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. भावानं ती आणायची असते. पण रस्ते सगळे पाण्याखाली. एका पुलाशी अडला, मागं फिरून दुसऱ्या रस्त्यानं गेला, तिथंही पाणी. इथं आम्ही ताटकळलेलो. अंधार पडायला आला तेव्हा थोरली माणसं म्हणाली, आता थांबण्यात अर्थ नाही. मालनच्या अंगावर घरच्याच कपाटातली साडी घातली. भूपाल पोचलाच नाही, साडी घेऊन वाटेतूनच परत गेला. भांडला नाही, वाकडा शब्द बोलला नाही. फक्त नंतर कधी आला नाही. यात चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळं माफी मागून मोकळं व्हायचीही सोय नव्हती.

सन्मती, आमची मुलगी, महिनाभर राहून अमेरिकेला परत गेली आणि मग घरात मी एकटा. मी सुकुमार मगदूम, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. जन्मभर धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढले. रिटायर होऊन दोनच वर्षं झाली होती. बायको म्हणायची, आता तरी जरा माणसात या. माणसात यायचं तर माणूस लागतं ना घरात. एकदा दूधवाल्याला "अर्धाच दे" म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना. खाकरून घसा मोकळा केला तेव्हा ध्यानात आलं की दोन-तीन दिवसांत आपण कुणाशी बोललेलोच नाही. मालन होती तेव्हा मला शांतता हवी असायची. आता हवी तेवढी होती.

सन्मतीनं फोनवर विचारलं, "आप्पा, तुमची ती गाडी कुठंय?"

गाडी माळ्यावर होती. लग्नाआधी बोटीवर कामाला असलेल्या एका चुलतभावानं मला जर्मनीहून खेळण्यातली आगगाडी आणून दिली होती. खेळण्यातली म्हणायची एवढंच. तिचे रूळ, सांधे, डब्यांच्या कड्या सगळं खऱ्याबरहुकूम, फक्त सत्त्याऐंशी पट लहान. भाड्याच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर मी तिचा पसारा मांडला होता. डोंगर, बोगदा, सगळं. मग मालन आली, मग सन्मती झाली. मालन गाडीला कधी नको म्हणाली नाही. "गाडी असू दे, पण पाळणा कुठं टांगू ते सांगा," एवढंच म्हणाली. फळी माळ्यावर गेली ती तीस वर्षं तिथंच राहिली.

सन्मतीनं अमेरिकेहून एक खोकं पाठवलं. वर चित्र होतं तिकडच्या कुठल्या खाणीच्या गावातल्या लाकडी स्टेशनाचं. मी हौसेनं उघडलं तर आत स्टेशन नव्हतंच. लाकडाच्या काड्या, पातळ फळ्या, कागदाच्या पट्ट्या, शिशाच्या बारीकसारीक वस्तू आणि कसं बांधायचं ते सांगणारं एक चोपडं. तिकडच्या हौशी लोकांची ती पद्धतच आहे. तयार भिंत मिळत नाही. एकेक फळी कापायची, रंगवायची, शेजारी शेजारी चिकटवायची. छपराचा एकेक तुकडा बसवायचा. खिळ्यांच्या खुणासुद्धा सुईनं टोचायच्या. आणि एवढं करून झालं की ते नवं दिसू नये म्हणून परत पातळ काळ्या रंगानं मळवायचं. कुणीतरी माझ्यासाठीच शोधून काढलेली शिक्षा म्हणा ना. पण भिंग लावून पहिली फळी कापली आणि मान वर केली तर दुपार उलटून गेली होती. मालन गेल्यापासून इतकी भराभर दुपार सरली नव्हती.

तरी त्या खाणीच्या गावाशी माझं काय देणंघेणं? एक भिंत झाली आणि मन उडालं. त्याच सुमाराला कुणीतरी सांगितलं की मिरजेकडची छोटी, नॅरो गेज लाइन मोठी झाली तेव्हा जुनी स्टेशनं पाडली. करंजवाडी पण पडली. करंजवाडीचं नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही. एक ऑफिस, एक गुदाम, मागं मास्तरांचं बिऱ्हाड आणि पुढं करंजाचं झाड. पण तिथं मालनचे वडील अण्णा मास्तर होते, मालन आणि भूपाल तिथं वाढले, आणि लग्न ठरलं ते तिथूनच. वर्षभरात अण्णांची बदली झाली, मी स्वतः तिथं गेलो असेन तीन-चारदा. मालन मात्र शेवटपर्यंत दवाखान्यातल्या नर्सबाईंना करंजवाडीच्या गोष्टी सांगायची.

मी त्या अमेरिकन खोक्यातलं लाकूड घेतलं आणि करंजवाडी बांधायला काढली.

मोजमाप कुठलं आणायचं, हा प्रश्न होता. स्टेशन जमीनदोस्त, नकाशा मिळायची आशा नाही. माझ्याकडं होता एक फोटो. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. ऑफिसच्या दारात मालन उभी, मागं पूर्ण चौकट, बाजूला खिडकी, वर छपराची कड. माझ्यासाठी म्हणून पाठवलेला तो फोटो. त्याच्यावरूनच मी होकार दिला. तशी आमच्या आईची अट होती, मुलगा पाच फूट अकरा इंच आहे, मुलगी ठेंगणी नको. फोटो बघून आई म्हणाली, शोभंल. मी फोटो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मला तो फोटो फार आवडायचा. मालनला अजिबात नाही. मी फ्रेम करून भिंतीला लावला की चार दिवसांत तो कपाटात. परत लावला, परत कपाटात. "त्यात मी मीच वाटत नाही," म्हणायची. बायकांना स्वतःचे फोटो आवडत नाहीत, एवढंच मी समजलो.

आता तोच फोटो मोठा करून आणला आणि पट्टी लावली. हिशेब चौथीतल्या त्रैराशिकाचा. मालनची उंची पाच फूट. परदेशी जायचं होतं तेव्हा फॉर्मसाठी दवाखान्यात मोजली होती, माझ्यादेखत. पाच फूट, वर काही नाही. तर मालन पाच फूट, मग दार किती? खिडकी किती? छप्पर किती? सगळं करंजवाडी स्टेशन मी मालनवरून मोजून काढलं.

दार आलं सहा फूट साडेचार इंच. सरकारी इमारतीला एवढं बुटकं दार? पण मनाशी म्हटलं, छोटी लाइन, छोटी गाडी, सगळंच छोटं असणार. मालन मात्र मी हातानंच केली होती, टिशू पेपरची साडी डिंकात बुडवून, हिरव्या रंगाची. ती दारात उभी केली तर अगदी फोटोतल्यासारखी बसली. तसूभर इकडं नाही, तिकडं नाही. पण विकतची माणसं आणली तर एकही बसेना. स्टेशन मास्तर चौकटीला टेकला, हमाल खिडकीच्या वर गेला, बाकावर बसलेल्या बाईचे गुडघे हनुवटीपर्यंत. मी म्हटलं, परदेशी माणसं ती, धिप्पाडच असणार. आणि कानस हातात घेतली. मालन बरोबर आणि बाकी जग चुकीचं, यात मला काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं कशासाठी, ते मला पक्कं ठाऊक होतं. करंजवाडीत वाढलेलं आता एकच माणूस उरलं होतं. भूपालनं त्या टेबलापाशी उभं राहून एकदा "हो, हेच आमचं स्टेशन" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मग मालनची गोष्ट करायला जगात आपण दोघं आहोत असं झालं असतं. तो नाही म्हणाला असता, तर मी एकटा.

रविवारी तो आला. केस पार पिकलेले. लग्नातला फेटा काढून हातात धरलेला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून भडंगाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. भिंतीवर मालनचा मोठा फोटो होता, त्याच्यासमोर जरा उभा राहिला. मग खुर्चीच्या कडेवर टेकला.

"बरं चाललंय न्हवं?"

"चाललंय."

"जेवणाचं?"

"करतो मीच. कुकर आहे."

"हां," म्हणाला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "दाखवा की मग."

आतल्या खोलीत टेबलावर मी चादर टाकून ठेवलं होतं. चादर उचलली.

भूपालनं चष्मा लावला आणि वाकला. मग त्याचं बोट हळूहळू फिरायला लागलं, न टेकवता, वरच्या वर.

"रुळाचा तुकडा टांगलाय की घंटा म्हणून."

"टांगलाय."

"रांजण. हितंच होता. अक्का पाणी भरायची." बोट पुढं गेलं. "हा वजनकाटा. ह्याच्यावर बसून मी मार खाल्लाय अण्णांचा. करंज कशाचा केलाय?"

"वाळक्या मुळ्या. तुळशीच्या."

"आन् पानं?"

"स्पंजचा चुरा, रंगवलेला."

"काय म्हणायचं तुम्हाला, दाजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओला झाला. आता म्हणेल, आता म्हणेल. पण तो सरळ झाला, दोन पावलं मागं गेला, मान तिरकी करून बघायला लागला. माणूस नकाशात चूक शोधतो तेव्हा असाच मागं जातो, हे मी जन्मभर पाहिलंय.

"काय रे?"

"काय न्हाई."

"बोल की."

"लहान वाटतंय."

"लहानच असणार. सत्त्याऐंशी पट लहान आहे."

"ते मला कळतंय. तसं न्हवं." त्यानं दारातला स्टेशन मास्तर दोन बोटांत उचलला. "हे अण्णा का?"

"हो."

"अण्णांचं पाय कुठं गेलं?"

"घासले. उंच होता तो फार."

"अण्णा कुठं उंच होतं? मध्यम होतं. ह्या दाराच्या वर, चौकटीत, आकडा होता. संध्याकाळी कंदील अडकवायला अण्णा टाचा उचलायचं, तरी हात जेमतेम पोचायचा. हितं बघा, पाय घासलं तवा कुठं ते दारात मावलं." माझ्याकडं वळून म्हणाला, "आन् तुम्ही एवढं उंच. सासरवाडीला फेटा बांधून आलासा तवा ह्या दारातनं वाकून गेलासा का?"

मी आठवून बघितलं. नव्हतो गेलो वाकून.

खरं सांगतो, मला राग आला. माझ्या नकाशावर धरणं उभी राहिली, आणि साखर कारखान्यात हजेरी मांडणारा हा माणूस मला दार लहान आहे म्हणतो. मी तरातरा गेलो, कपाटातून माझे कागद काढले, मोठा केलेला फोटो काढला, टेबलावर आपटला.

"हे बघ. मनाचं काही नाही यात. ही मालन. डोक्यापासून साडीच्या काठापर्यंत मोजली. हे दार मोजलं. मालनची उंची पाच फूट, तर दाराची—"

भूपालनं फोटो उचलला. चष्मा काढला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. जवळ गेलो तर हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "अक्का स्लीपरवर उभी हाय."

"कशावर?"

"स्लीपरवर ओ. रुळाखालचा लाकडी ठोकळा. जुनं काढलेलं स्लीपर गुदामाशेजारी पडून असायचं, त्यातला एक तुकडा. सहा इंच जाड. मीच ओढत आणला."

मी खाली बसलो. तो उभ्या उभ्याच सांगत होता.

"मिरजेहून फोटोवाला आलता. मध्यस्थानं सांगितलेलं, मुलगा उंच हाय, आईची अट हाय, मुलगी ठेंगणी नको. अण्णांना रात्रभर झोप न्हाई. असलं स्थळ परत यायचं न्हाई म्हणायचं. मग सकाळी मला म्हणालं, तो तुकडा आण. अक्का काय उभी राहीना त्याच्यावर. म्हणाली, खोटं हाय हे. आईनं दम दिला. निऱ्या वडून खाली मातीपर्यंत आणल्या, तुकडा झाकला. पण तो डुगडुगत होता, ही पडतीय का मरतीय असं झालं. म्हणून मी दाराच्या आत, तिच्या मागं वाकून बसलो, दोन्ही हातांनी धरून." त्यानं फोटोतल्या दारातल्या काळोखावर बोट ठेवलं. "हितं. दिसत न्हाई, पण ह्या फोटोत मी बी हाय."

"ती मला कधी बोलली नाही."

"कशी बोलंल? लग्नात तुमच्या आई म्हणाल्या, फोटोत उंच दिसत होती हो. चारचौघांत. ते अक्काच्या मनात बसलं ते बसलंच. मला म्हणायची, भूपाल, हे ड्रॉइंगवालं माणूस. एक दिवस फोटोला पट्टी लावतील आन् माझं बिंग फुटंल. हसत म्हणायची. पण फोटो कपाटात टाकायची."

मी त्याच्या हातून फोटो घेतला. म्हणालो, "मी पट्टी लावली, भूपाल."

"लावलीसा की."

"तरी कळलं नाही."

"कसं कळंल?" तो म्हणाला. "तुम्ही तिलाच पट्टी म्हणून धरलासा."

त्यावर मी रडलो. मालन गेली तेव्हा लोकांत होतो, तेव्हा जमलं नव्हतं. त्या दिवशी मेहुण्यासमोर टेबलावर डोकं ठेवून रडलो. चूक निघाली म्हणून नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हाच मला दिसलं होतं की ही फोटोपेक्षा लहान आहे. हार घालायला मला वाकावं लागलं होतं, आणि वाकताना मला इतकं बरं वाटलं होतं, की तेवढं बरं नंतर क्वचितच वाटलं असेल. हे तिला एकदा सांगितलं असतं तर तिची जन्माची धास्ती गेली असती. पण तिला धास्ती आहे हेच मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं एका घरात काढली आम्ही.

भूपालनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तसा तो दूर राहणारा माणूस, पण ठेवला. नंतर मी चहा केला, त्यात साखर घालायची विसरलो, आणि त्यानं तो तसाच पिऊन टाकला.

निघताना त्यानं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

"ही ठिवा तुमच्याकडं. घरात कपाट उघडलं की समोर येती, मला बघवत न्हाई."

मी कागद सोडला नाही. कळलं मला काय आहे ते.

"आन् दाजी, तुम्ही अक्काला हिरवी साडी केलीय. हिरवी न्हवती. डाळिंबी होती. तिला तो रंग फार आवडायचा, म्हणून ही बी तसलीच बघून घेतलेली." चपला घालता घालता म्हणाला, "आता परत बांधणार काय सगळं?"

"बघतो," मी म्हणालो.

तो गेला. स्टेशन तेच आहे, हे काही तो म्हणाला नाही.

सगळं परत बांधायचं म्हणजे आणखी वर्ष गेलं असतं. वर्षाचं मला काय, वेळ रग्गड होता. चार दिवस टेबलापाशी नुसता बसून राहिलो. काढू का पाडून? पण त्या भिंतींकडं बघितलं आणि हात होईना. फळीन् फळी मालनच्या मापानं कापलेली. माप चुकलं असेल, पण ते तिच्यावरून चुकलं होतं. मग मी उलटा विचार केला. साडेपाच फुटांना पाच धरल्यानं स्टेशन लहान झालंय ना, मग लहानच राहू दे. त्या लहान स्टेशनात खरी मालन केवढी दिसली असती, तेवढी करू.

हिशेब मांडला. नवी मालन जुनीपेक्षा बारीक निघाली, उभ्या तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. साडीला रंग लावायचा तेव्हा भूपालनं ठेवलेल्या साडीचा कागद सोडला. डाळिंबी, बारीक काठाची. ती मांडीवर पसरून शेजारी बशीत रंग कालवत बसलो. लाल जास्त व्हायचा, मग जांभळा जास्त व्हायचा. जुळेपर्यंत ऊन खिडकीतून निघून गेलं. त्या रंगाची साडी टिशूच्या कपट्यावर चढवली आणि चिमट्यानं तिला नेसवली. माहेरची साडी तिच्या अंगावर पडली ती अशी.

रूळ करताना उरलेल्या स्लीपरच्या काड्या डबीत होत्या. त्यातली जाडसर बघून एक तुकडा कापला, काळपट रंगवला, कडा जरा झिजवल्या आणि दाराच्या पुढं चिकटवला. त्याच्यावर मालन उभी केली. दोन्ही मिळून उंची बरोबर पहिल्या मालनएवढी भरली. फक्त या वेळी मी निऱ्या वर घेतल्या, घोट्याच्या वर. तिच्या पायाखालचा तुकडा कुणालाही दिसेल अशा.

एक सोडून बाकीची माणसं काढून डब्यात भरली. ती त्या स्टेशनात मापात बसतच नाहीत. अजून ते तसंच आहे माझ्या खोलीत, काचेच्या पेटीत. कामवाली बाई पुसताना विचारते, "आजोबा, एवढ्या मोठ्या ठेसनात एकच बाई कशी?" मी म्हणतो, गाडीला वेळ आहे अजून.

भूपाल जाऊनही आता काही वर्षं झाली. स्टेशन पुरं झालं त्या दुपारी मात्र मीच त्याला फोन लावला होता.

"झालं का, दाजी?"

"झालं."

"स्लीपर केला?"

"केला. दिसतोय चांगला. निऱ्या वर घेतल्यात."

"चिडली असती."

"चिडू दे की."

तो हसला.

"आन् मी?" त्यानं विचारलं.

"तू आहेस. दाराच्या आत. तो पाय घासलेला मास्तर होता ना, पाय नाहीत म्हणून तोच तेवढा मापात बसला. अंधारात आहेस, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीस."

"धरून बसलोय न्हवं?"

"दोन्ही हातांनी."

"बरं झालं," भूपाल म्हणाला. "हेच आमचं स्टेशन."

मग त्यानं नेहमीसारखा फोन ठेवून दिला, आणि मी कुकर लावायला उठलो.